कागद कोणी विचारायचे?

जून महिना म्हणजे आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने जनरल रजिस्टरचा महिना. आमची शाळा उर्दू माध्यमाची, वस्ती यंत्रमाग कामगारांची. कारखान्याला काम असले की माणसे येतात, मंदी आली की गाव गाठतात. पोरे त्यांच्याबरोबर ये-जा करतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक आई मुलीचा हात धरून आमच्या टेबलासमोर उभी राहिली. जन्माचा दाखला नव्हता. होते ते लसीकरणाचे एक मळके कार्ड, आणि त्यावरही मुलीचे नाव चुकीचे पडलेले. "आपा, इतनाच है. नाम लिखोगे ना?" तिने विचारले.

आम्ही नाव लिहिले. त्यात मेहेरबानी काही नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ स्पष्ट सांगते की, वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. पण नाव लिहून होईपर्यंत त्या बाईची नजर आमच्या पेनावर होती. ती नजर आम्ही विसरू शकलो नाही. रजिस्टर उघडून बसलेला शिक्षक तिच्या लेखी सरकारच होता. पण कोणते सरकार? शाळा चालवणारे, की देशाच्या सरहद्दीवर कागद तपासणारे?

पुढे दिवाळीच्या सुटीत अमेरिकेतील एका शाळेच्या खटल्याचा निकाल आमच्या वाचनात आला. आमचा हाच प्रश्न तेथे चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्या निकालाचा मागोवा घेताना लक्षात आले की, प्रश्न एका शाळेचा नाही. परक्या माणसाचे कागद केंद्राने विचारायचे की राज्याने, हा वाद त्या देशात दोनशे वर्षे चालू आहे. या लेखात तोच इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पहाटेची सुनावणी

टायलर हे टेक्सास राज्यातील गाव, गुलाबाच्या शेतीसाठी प्रसिद्ध. मेक्सिकोतून आलेली अनेक कुटुंबे तेथे पोटापाण्यासाठी राहत. त्यांतील काहींकडे अमेरिकेत राहण्याचा परवाना नव्हता. १९७५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने शिक्षण कायद्यात एक दुरुस्ती केली. जी मुले कायदेशीररीत्या देशात आलेली नाहीत, त्यांच्यासाठी राज्य शाळांना पैसा देणार नाही, आणि शाळा त्यांना प्रवेश नाकारू शकतील. १९७७ च्या जुलैमध्ये टायलरच्या शाळा मंडळाने ठरवले की अशा प्रत्येक मुलाकडून वर्षाला एक हजार डॉलर फी घ्यायची. मजुरी करून पोट भरणाऱ्या माणसाला हे शक्यच नव्हते. मुले घरी बसली.

चार कुटुंबे कोर्टात गेली. मुले होती सोळा. आता प्रश्न असा की, ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी कोर्टात जायचे म्हणजे स्वतःच्या तोंडाने तसे सांगायचे. संघसरकारचे अधिकारी दारातच पकडतील ही भीती होती. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी या कुटुंबांना टोपणनावाने दावा चालवू दिला आणि गाव जागे होण्याआधी, सकाळी सहा वाजता सुनावणी ठेवली. कुटुंबे आली ती घरातले सामान गाडीत भरूनच. कोर्टातून थेट हद्दपारी झाली तर निदान भांडीकुंडी बरोबर असावीत, हा त्यामागचा विचार. मुलांच्या शाळेसाठी आईबापांनी संसार पणाला लावला होता.

न्यायाधीशांनी फीला मनाई केली आणि मुले वर्गात परतली. पण टेक्सास गप्प बसले नाही. ते वरच्या न्यायालयात गेले आणि पाच वर्षे वाद चालला. 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने तो गाजला. प्लायलर हे शाळा मंडळाचे अधीक्षक, तर 'डो' हे मुलांचे टोपणनाव. निकालाकडे वळण्यापूर्वी हा वाद कोणत्या मातीत उगवला ते पाहिले पाहिजे.

राज्ये जेव्हा दारवान होती

आज आपल्याला वाटते की परदेशातून येणाऱ्यांना अडवणे किंवा घेणे हे केंद्राचेच काम. अमेरिकेत सुरुवातीची शंभर वर्षे बव्हंशी तसे नव्हते. जहाजातून उतरणाऱ्यांची नोंद, तपासणी, त्यांच्याकडून डोईपट्टी वसूल करणे ही कामे न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स यांसारखी राज्ये करीत. न्यूयॉर्क बंदरातील कॅसल गार्डन हे स्थलांतरितांचे नाके १८५५ पासून राज्यच चालवीत होते. संघसरकारचे एलिस बेट सुरू झाले ते १८९२ साली.

राज्यांच्या हातातून हे काम कसे गेले त्याची एक गोष्ट आहे. १८७४ साली चीनहून 'जपान' नावाचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागले. कॅलिफोर्निया राज्याच्या अधिकाऱ्याने जहाजावरील बावीस स्त्रिया बदचलन आहेत असे ठरवले, तेही नुसते पाहून. प्रत्येकीमागे पाचशे डॉलरचा जामीन भरा, नाहीतर उतरू देणार नाही, असा हुकूम निघाला. त्यांतील चाय लुंग हिच्या नावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १८७६ साली निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे असे की, परक्या मुलखातील प्रजेशी कसे वागायचे हे एका राज्याच्या एका अंमलदारावर सोडले तर त्याच्या लहरीपायी साऱ्या देशाला दुसऱ्या देशाशी भांडण ओढवून घ्यावे लागेल. शिवाय असा कायदा म्हणजे पैसे उकळण्याची उघड सोय आहे, हेही न्यायालयाने बोलून दाखवले.

परंतु येथे एक गफलत होऊ नये. अधिकार केंद्राकडे गेला म्हणजे इन्साफ झाला असे नव्हे. सहाच वर्षांनी, १८८२ साली, संघसरकारनेच कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले. राज्याचा अंमलदार बावीस जणींना अडवीत होता, तर केंद्राच्या कायद्याने एक संपूर्ण कौम अडवली.

आत आलेल्यांना मात्र एक आधार मिळाला. सॅन फ्रान्सिस्को शहराने लाकडी इमारतीत धोबीकाम करण्यासाठी परवाना सक्तीचा केला होता. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले, सर्व नामंजूर झाले. बिगरचिनी धोब्यांचे सुमारे ऐंशी अर्ज होते, त्यांतील एक सोडून सर्व मंजूर झाले. १८८६ च्या 'यिक वो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाचे वचन फक्त नागरिकांना नसून प्रत्येक 'व्यक्ती'ला आहे. हा 'व्यक्ती' शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. शंभर वर्षांनी टायलरची मुले त्याच शब्दाच्या आधाराने उभी राहिली.

पळालेल्या गुलामांचा वारसा

या वादाचे दुसरे मूळ त्याहून जुने आणि अधिक दुखरे आहे. ते गुलामगिरीत सापडते. दक्षिणेतून उत्तरेत पळून आलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करावे, असा संघसरकारचा कायदा १७९३ पासून होता. १८३७ साली एडवर्ड प्रिग आणि त्याच्या साथीदारांनी पेनसिल्व्हेनियातून मार्गारेट मॉर्गन या स्त्रीला मुलांसह पळवून मेरीलँडला नेले. मुलांपैकी किमान एक पेनसिल्व्हेनियाच्या मुक्त भूमीवर जन्मलेले होते. पेनसिल्व्हेनियाने प्रिगवर खटला भरला.

१८४२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रिगला सोडले आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा रद्द केला. गुलामांच्या बाजूने पाहता हा निकाल अन्यायाचाच होता. पण न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्यात एक फट ठेवली. कायदा संघसरकारचा असेल तर अंमलबजावणीही त्यानेच करावी, त्यासाठी राज्याच्या अंमलदारांना राबवता येणार नाही. उत्तरेकडील राज्यांनी ही फट बरोबर हेरली. मॅसॅच्युसेट्सने १८४३ साली कायदाच केला की, आमचे अधिकारी पळालेल्या गुलामाला पकडण्यात हात घालणार नाहीत आणि आमचे तुरुंगही त्यासाठी मिळणार नाहीत.

त्यावर चिडून १८५० साली संघसरकारने अधिक कडक कायदा आणला. पकडलेल्या माणसाचा फैसला करणाऱ्या कमिशनरला, माणूस गुलाम ठरला तर दहा डॉलर आणि मुक्त ठरला तर पाच डॉलर मेहनताना मिळे. कारण काय, तर गुलाम ठरवताना कागदपत्रे जास्त लिहावी लागतात! विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. तथापि १८५९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनला बजावले की, संघसरकारच्या कामात आडवे येण्याचा अधिकार राज्याला नाही.

या दोन निकालांनी एक रेघ आखली. राज्य म्हणू शकते, 'मी हातभार लावणार नाही.' राज्य म्हणू शकत नाही, 'मी तुम्हाला करू देणार नाही.' अमेरिकेत आज चाललेला बराचसा वाद याच रेघेच्या दोन बाजूंना उभा आहे.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, ही रेघ पुढे पक्की झाली ती बंदुकीच्या प्रकरणात. पिस्तूल विकत घेणाऱ्याची चौकशी गावच्या शेरीफने करावी, असे संघसरकारच्या १९९३ च्या कायद्याने फर्मावले. मोंटाना राज्यातील प्रिंट्झ या शेरीफने नकार दिला. १९९७ साली न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला की, संघसरकार राज्याच्या अंमलदारांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. हा निकाल बंदूकप्रेमींनी डोक्यावर घेतला. वीस वर्षांनी त्याच निकालाची ढाल स्थलांतरितांची बाजू घेणाऱ्या राज्यांनी पुढे केली.

दोन कायद्यांच्या चिमट्यात

राज्य आणि केंद्र नेहमी एकमेकांविरुद्धच असतात असेही नाही. कधी दोघे मिळून माणसाला चिमट्यात धरतात. त्याचा अनुभव आपल्या हिंदी बांधवांनी घेतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील शीख, मुसलमान, हिंदू शेतकरी कॅलिफोर्नियात गेले आणि इंपीरियल खोऱ्यासारख्या भागात त्यांनी शेती केली. कॅलिफोर्नियाने १९१३ आणि १९२० साली जमिनीचे कायदे केले. त्यांत कोणत्याही देशाचे वा जातीचे नाव नव्हते. एवढेच म्हटले होते की, जे परदेशी 'नागरिकत्वास अपात्र' आहेत त्यांना शेतजमीन घेता येणार नाही. अपात्र कोण, हे ठरवणार केंद्र. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिकत्वास अपात्र, असे ठरवले. लगेच राज्याच्या कायद्याचा फास हिंदी शेतकऱ्यांच्या गळ्याभोवती आवळला गेला. अनेकांना जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपल्याच शेतात मजुरासारखे राहावे लागले. नागरिकत्वाचे दार हिंदी लोकांना उघडले ते १९४६ साली, आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने जमिनीचा कायदा मोडीत काढला तो १९५२ साली.

पाच विरुद्ध चार

आता टायलरकडे परत येऊ. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पाच न्यायमूर्ती मुलांच्या बाजूने, चार टेक्सासच्या. टेक्सासचा युक्तिवाद होता की, जे चोरून आले ते आमच्या अधिकारक्षेत्रातले नाहीतच, म्हणून समान संरक्षण त्यांना लागू नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी तो फेटाळला. राज्याचे इतर कायदे ज्याला लागू होतात, ती व्यक्ती राज्याच्या अधिकारक्षेत्रातच आहे. कागद नसले तरी ती 'व्यक्ती' आहेच.

दुसरा मुद्दा मुलांचा. सरहद्द ओलांडण्याचा निर्णय आईबापांचा, शिक्षा मात्र लेकराला, हे न्यायाला धरून नाही. तिसरा मुद्दा राज्याच्या हिताचा. ही मुले बहुधा याच देशात राहणार. त्यांना निरक्षर ठेवून राज्य आपल्याच पोटात एक कायमचा दबलेला थर निर्माण करील, आणि त्यातून पैशांची म्हणण्यासारखी बचत होते असेही राज्याला दाखवता आले नाही.

या निकालाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेतील मूलभूत हक्क आहे असे न्यायालय म्हणाले नाही. उलट १९७३ च्या टेक्सासमधीलच दुसऱ्या खटल्यात तसे नाही असे त्याने ठरवले होते. विरोधी मत देणाऱ्या चौघांनीही मुलांना निरक्षर ठेवणे हा मूर्खपणा आहे असे मान्य केले. त्यांचे म्हणणे इतकेच की, धोरणातील मूर्खपणा दुरुस्त करणे हे कोर्टाचे काम नव्हे. म्हणजे लाखो मुलांची शाळा एका मताच्या फरकावर उभी राहिली.

शिक्षकाने खबऱ्या व्हावे का?

ती पाडण्याचे प्रयत्न अनेक वेळा झाले. १९९४ साली कॅलिफोर्नियात जनमताने 'प्रस्ताव १८७' मंजूर झाला. सुमारे एकोणसाठ टक्के मते त्याच्या बाजूने पडली. त्यानुसार शाळांनी मुलांचे आणि त्यांच्या आईबापांचे कागद तपासायचे आणि संशय आल्यास संघसरकारला कळवायचे होते. न्यायालयाने तो अडवला आणि पुढे तो संपुष्टात आला. २०१० साली ॲरिझोनाने कायदा केला. त्यातील चार वादग्रस्त कलमांपैकी तीन सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केली. पण पोलिसाने एखाद्याला अडवल्यावर संशय आला तर त्याचा दर्जा तपासावा, हे कलम मात्र राहिले. संशय कशावरून यायचा? रंगावरून, भाषेवरून? त्याच राज्यातील मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफचे खाते लॅटिनो लोकांना वंशावरून लक्ष्य करीत होते, असे संघ न्यायालयाने २०१३ साली ठरवले.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत अस्वस्थ केले ते अलाबामाने. २०११ च्या तेथील कायद्याने शाळांनी प्रवेशाच्या वेळी मुलाचा जन्मदाखला पाहून नोंद करावी असे ठरवले. प्रवेश नाकारा असे त्यात कुठेच नव्हते, नुसती नोंद करायची होती. सप्टेंबरच्या अखेरीस एका न्यायालयाने हे कलम लागू होऊ दिले. लगेचच्या सोमवारी राज्यभरात दोन हजारांहून अधिक हिस्पॅनिक मुले शाळेत गैरहजर होती. कोणी त्यांना काढले नव्हते. शाळेच्या कार्यालयात आता आपली नोंद होणार, एवढी बातमी पुरेशी झाली. ऑक्टोबरात वरच्या न्यायालयाने कलम थांबवले आणि पुढे ते कायमचे रद्द झाले. पण त्या सोमवारच्या हजेरीपटावरील रिकाम्या रकान्यांसमोर बसलेल्या शिक्षकांना काय वाटले असेल, हे आम्ही समजू शकतो.

आजची यंत्रणा

हल्ली हा वाद मुख्यतः तुरुंगाच्या दारात घडतो. रस्त्यावर किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे काउंटीच्या तुरुंगात घेतले जातात. २००८ पासून उभारलेल्या व्यवस्थेमुळे ते आपोआप संघसरकारच्या स्थलांतर खात्याकडेही पोचतात. खाते तुरुंगाला लेखी कळवते की, सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तास या माणसाला धरून ठेवा, आम्ही घ्यायला येतो. हा हुकूम नसून विनंती आहे, असे २०१४ साली एका संघ अपील न्यायालयाने स्पष्ट केले. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून आपल्या पोलिसांना अशा विनंत्यांवर माणसे धरून ठेवण्यास मनाई केली. संघसरकारने दावा लावला, पण अपील न्यायालयाने २०१९ साली राज्याचा तो कायदा राखला. कारण तेच, जे १८४२ साली होते.

टेक्सासने त्याच २०१७ साली बरोबर उलटा कायदा केला. शहराने वा शेरीफने सहकार्य नाकारले तर दंड आणि पदावरून काढण्याची तरतूद. १९९६ च्या कायद्यातील कलम २८७-जी नुसार राज्याचे पोलीस करार करून संघसरकारच्या वतीने काम करू शकतात. २०२५ साली अशा करारांची संख्या झपाट्याने वाढली. त्याच वर्षीच्या जानेवारीत शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे येथे शक्यतो धरपकड करू नये हा संघसरकारचा जुना दंडक मागे घेण्यात आला. राज्य आपला पोलीस देणार नाही असे म्हणू शकते, पण संघसरकारचा अधिकारी स्वतः आला तर त्याला आडवे जाऊ शकत नाही. १८५९ ची रेघ अजून तेथेच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसी राज्याच्या सिनेटने कागद नसलेल्या मुलांना शाळांनी प्रवेश नाकारावा किंवा त्यांच्याकडून फी घ्यावी अशी मुभा देणारे विधेयक मंजूर केले. दुसऱ्या सभागृहात ते त्या वर्षी अडकले. टायलरची फी अर्ध्या शतकानंतर पुन्हा दारात आली होती.

आपल्या रजिस्टरकडे

आपल्या घटनेची मांडणी वेगळी आहे. सातव्या अनुसूचीत नागरिकत्व, परकीय नागरिक आणि हद्दपारी हे विषय केंद्राकडे, पोलीस राज्याकडे आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण दोघांकडे आहे. कलम २५८ नुसार केंद्राने परकीयांविषयीचे बरेच अधिकार राज्यांकडे सोपवलेही आहेत. त्यामुळे 'हे काम तुमचे, आमचे नव्हे' असे भांडण आपल्याकडे तितके रंगत नाही. म्हणून अमेरिकेचा निकाल उचलून येथे लावता येणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

तरीही या इतिहासातून आम्ही एक गोष्ट घेतली. देशात कोण राहावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला असतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे खाती, अधिकारी, न्यायालये असतात. ते काम शाळेच्या टेबलावर आणून ठेवले की शाळा शाळा राहत नाही. मॅसॅच्युसेट्सने आपले तुरुंग दिले नाहीत. अलाबामाने वर्ग देऊन पाहिला आणि एका सोमवारी तो रिकामा झाला. शिक्षकाने रजिस्टरमध्ये लिहायचे ते मूल शिकावे म्हणून. तीच नोंद उद्या त्याला पकडण्यासाठी वापरली जाईल अशी शंका जरी आली, तरी पहिल्यांदा गैरहजर राहते ते मूल.

त्या मुलीच्या नावाचे स्पेलिंग आम्ही आईला विचारून दुरुस्त केले आणि जन्मस्थानाच्या रकान्यात तिने सांगितले ते गाव लिहिले. मुलगी चौथीपर्यंत आमच्याकडे होती. नंतर कारखाना बंद पडला आणि ते कुटुंब दुसरीकडे गेले. जाताना आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. आयुष्यात मुलीच्या नावाने मिळालेला तो पहिला पक्का कागद होता. तिने तो दोन वेळा घडी उघडून पाहिला, ओढणीच्या टोकात बांधला, आणि सलाम करून निघून गेली.